नानांचा तीन वायरींचा पेसमेकर आणि भाच्यानं सांगितलेलं जॅकेट

रामबागवाली

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे. वय ७२. मिल बंद पडल्यावर इथे इंदूरच्या सियागंजात एका पेढीवर हिशेब लिहीत होते, त्यामुळे स्वतःच्या आजाराचीही वही ठेवलीय. वजन, सूज, गोळ्या, सगळं तारीखवार. अडीच-तीन वर्षांपूर्वी धाप लागायला लागली. इकोत ईएफ, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, २५ निघाला. अँजिओग्राफी केली, नळ्या साफ. ईसीजीवर लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातली विजेची डावी फांदी बंद, आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ) १६४. वर्षभर औषधं दिली, मग इथल्याच एका खासगी रुग्णालयात सीआरटी बसवला. तीन वायरींचा पेसमेकर. चौदा महिने झाले. ईएफ आता २८.

रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी जाऊन परत येणारा माणूस आता घरच्या जिन्यात सातव्या पायरीवर थांबतो. सातवी म्हणजे सातवीच. तिथल्या कठड्याचा रंग त्यांच्या हातानं उडालाय.

डॉक्टर म्हणाले, "शंभरातल्या तीसेक जणांना या मशीनचा फायदा होत नाही, तुमचे नाना त्यातले." बस. पुढची तारीख दिली.

आता ह्यांचा भाचा जर्मनीत असतो. तो म्हणतो, मामी, तिकडे एक जॅकेट घालतात, त्यातून हृदयाचा विजेचा नकाशा निघतो, आत काही घालावं लागत नाही, आणि त्यावरून वायर कुठे हवी ते कळतं. नानांचं तसं करून वायर हलवून घ्या. तो तिकडून लिंका पाठवून राहिलाय आणि इकडे माझं डोकं फिरून राहिलंय.

हे काय आहे? खरंच उपयोग आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोहेवाला

ताई, नानांना नमस्कार सांगा. माझी अक्कल पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याच्या पलीकडे नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतो. हृदयस्थ आणि विलायती इंदुरी, कुठे आहात?

हृदयस्थ

आलो. मूळचा इंदूरचा, सध्या मुक्काम बडोदा. धंद्यानं हृदयरोगतज्ज्ञ, पण इथं लिहितो ते गप्पा म्हणून धरा. न तपासलेल्या माणसाचा इलाज मी करत नाही.

आधी सीआरटी म्हणजे काय ते, कारण निम्म्या घरांत "पेसमेकर" म्हटलं की ठोके कमी होते म्हणून बसवला असं वाटतं. नानांचे ठोके कमी नव्हते. त्यांची अडचण मेळाची. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना विजेचा निरोप दोन फांद्यांतून जातो. डावी फांदी बंद पडली की निरोप आधी उजवीकडे पोचतो आणि मग डाव्या कप्प्यात स्नायूतून झिरपत जातो. मधला पडदा आकसून मोकळा होतो तेव्हा कुठे डावी बाहेरची भिंत आकसायला लागते. रक्त पुढे ढकलायच्या ऐवजी आतल्या आत इकडून तिकडे.

सीआरटीत एक वायर वरच्या उजव्या कप्प्यात, एक खालच्या उजव्यात, आणि तिसरी कोरोनरी सायनस नावाच्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला. दोन्ही बाजूंना एकदम ठोका द्यायचा. हे वायफळ नाही. २००५ साली केअर-एचएफ नावाची चाचणी आली, ८१३ रुग्ण. सुमारे अडीच वर्षांत नुसत्या औषधांवरचे ३० टक्के गेले, औषधं अधिक सीआरटीवाले २० टक्के. एवढा फरक पडणारी उपकरणं आमच्या शास्त्रात फार नाहीत.

पोहेवाला

म्हणजे आपल्या इंदूरच्या आयबसची राखीव मार्गिका बंद पडली आणि बस बाकीच्या ट्रॅफिकमध्ये घुसली, असंच ना भिया?

हृदयस्थ

अगदी तसंच. आकडेच देतो. खास मार्गिकेत, म्हणजे पर्किंजे तंतूंत, निरोप सेकंदाला २ ते ४ मीटर धावतो. साध्या स्नायूत अर्ध्या मीटरच्या आसपास. क्यूआरएस १६४ म्हणजे निरोप दोन्ही कप्पेभर पोचायला १६४ मिलिसेकंद. निरोगी माणसाला शंभरच्या आत-बाहेर पुरतात.

फक्त एक अडचण. हा जाम प्रत्येकात एकाच चौकात नसतो. कुणाची सगळ्यात उशिरा जागी होणारी जागा बाजूला, कुणाची मागे, कुणाची वरच्या अंगाला. तिसरी वायर आम्ही शीर मिळेल तिथे ठेवतो. जागा आणि जाम जुळले तर उत्तम. भाच्याचं जॅकेट इथे येतं.

विलायती_इंदुरी

वाचतेय कालपासून, ड्यूटी होती. मी इंग्लंडमधल्या एका इस्पितळात ईसीजी-पेसमेकरच्या तपासण्या करते. ते जॅकेट मी स्वतः रुग्णांना चढवलंय, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

जॅकेट म्हणायला जॅकेट. असतात चिकट पट्ट्या, छातीवर आणि पाठीवर, एकूण २५२ इलेक्ट्रोड. पुरुष असेल तर आधी छातीचे केस काढायचे. काढले नाहीत तर पट्टी सोलताना तो जे बोलतो ते मराठीत लिहिण्यासारखं नसतं. जेल गार असतं. सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे प्रत्येक खुणेचा सिग्नल हिरवा दिसेपर्यंत पट्ट्या दाबत बसणं. काखेखालची एक हमखास सुटते. वयस्कर माणसाची पाठ गोलाकार झालेली असते, तिथे पट्टी उभी राहते. मग टेप लाव, हाताने धरून ठेव.

त्याच जॅकेटसकट सीटी स्कॅन. कारण संगणकाला दोन गोष्टी कळायला हव्यात, हृदय छातीत नेमकं कुठे आहे आणि प्रत्येक इलेक्ट्रोड त्याच्यापासून किती दूर. मग ठोके नोंदवायचे. एक चांगला ठोका मिळाला तरी नकाशा बनतो, हीच गंमत. कॅथेटरनं, म्हणजे शरीरात घातलेल्या बारीक नळीनं, आतून नकाशा काढतात तेव्हा बिंदू बिंदू गोळा करावे लागतात. इथे सगळं हृदय एकाच ठोक्यात.

पडद्यावर हृदयाची आकृती येते, रंगवलेली. लवकर जागा होणारा भाग लाल, मग पिवळा, हिरवा, आणि सर्वात उशिराचा निळा-जांभळा. डावी फांदी बंद असलेल्याचा नकाशा एकदा पाहिला की विसरत नाही. उजवी बाजू लाल आणि डाव्या कडेला जांभळा डाग. मग मशीन चालू करून पुन्हा बघायचं, डाग पुसला का.

गणितमास्तर

डॉक्टरांच्या धाग्यात नाक खुपसतोय, पण यातलं गणित माझ्या आवडीचं आहे. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकतीस वर्षं हेच शिकवलं.

हृदयावर वीज कशी आहे ते माहीत असेल तर छातीवर किती व्होल्ट दिसतील हे काढणं सोपं. त्याला सरळ प्रश्न म्हणतात. उलटं, छातीवरून हृदयाकडे जाणं, हे भयंकर. मधे फुप्फुस, चरबी, हाडं. सगळे बारकावे वाटेत पुसले जातात. वाड्याच्या बाहेर उभं राहून आत कोणत्या खोलीत कोण बोलतंय ते ओळखण्यासारखं. बाहेर आवाज जरा इकडचा तिकडे झाला की आतलं उत्तर पार बदलतं. अशा प्रश्नांना आदामार नावाच्या फ्रेंच गणितीनं १९०२ मध्येच वेगळं काढलं होतं. उत्तर असावं, एकच असावं आणि थोड्या चुकीनं थोडंच बदलावं, या तीन अटींपैकी एखादी जरी जिथे पाळली जात नाही ते प्रश्न. पुढे तिखोनोव या रशियन गणितीनं वाट काढली. जी उत्तरं फार खडबडीत, फार उड्या मारणारी, त्यांना दंड लावायचा आणि जरा गुळगुळीत उत्तर पत्करायचं.

छातीभर इलेक्ट्रोड लावायची कल्पना जुनी आहे, इटलीत ताकार्दींनी १९६३ मध्ये तसे नकाशे छापले. पण तो छातीचा नकाशा होता. तिथून हृदयावर उतरायचं काम योराम रूडींच्या गटानं क्लीव्हलँडमध्ये वर्षानुवर्षं केलं आणि २००४ मध्ये माणसांतले नकाशे प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये त्याच मंडळींनी सीआरटीच्या आठ रुग्णांचे नकाशे काढले. सगळ्यांना एकच उपचार, आणि नकाशे एकमेकांशी न जुळणारे.

तर रंगीत चित्र बघून भुलू नका. तो फोटो नाही. ते गणिताचं उत्तर आहे, आणि गुळगुळीत केलेलं.

हृदयस्थ

मास्तर, दंडवत. आमच्या परिषदांमध्ये कुणी इतकं सोपं सांगत नाही.

खरंखोटं

झालं. अजून एक मशीन, अजून एक बिल. आमच्या शेजाऱ्यांना अशाच "नव्या तंत्रज्ञानात" चार लाखांना घातलंय. ताई, सांभाळा.

हृदयस्थ

खरंखोटं, तुमचा राग समजतो, पण यावर नीट काम झालेलं आहे, चांगलं आणि वाईट दोन्ही.

चांगलं आधी. फ्रान्समध्ये बोर्दोच्या गटानं २०१३ मध्ये ३३ रुग्णांचं सीआरटीआधी जॅकेट केलं. डावा आणि उजवा कप्पा जागे होण्याच्या सरासरी वेळांत किती अंतर आहे ते मोजलं. ५० मिलिसेकंद किंवा जास्त अंतर असलेल्यांपैकी बहुतेकांना मशीनचा फायदा झाला, कमी असलेल्यांपैकी बहुतेकांना नाही. ईसीजीवर ज्यांची फांदी धड बंद दिसत नाही, नुसताच क्यूआरएस रुंद आहे, अशांमध्येही या अंतरानं निवड करता आली. हे महत्त्वाचं, कारण अडचण तिथेच असते. एलबीबीबी (डावी फांदी बंद) आणि क्यूआरएस १५० च्या वर असेल तर आम्ही डोळे मिटून सीआरटी सांगतो, तिथे जॅकेट कशाला? १३० च्या खाली असेल तर करूच नये. २०१३ च्या इको-सीआरटी चाचणीत अरुंद क्यूआरएसवाल्यांमध्ये मशीन चालू असलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले, चाचणी मधेच थांबवली. प्रश्न मधल्यांचा. १३० ते १४९ वाले, वेडीवाकडी ईसीजीवाले.

आता वाईट. त्याच बोर्दोच्या लोकांनी २०१९ मध्ये जॅकेटचे नकाशे आणि कॅथेटरनं हृदयाला प्रत्यक्ष टेकवून काढलेले नकाशे शेजारी ठेवले. एकूणात जुळणी फार कमी. क्यूआरएस रुंद असेल तर बरी, अरुंद असेल तर नाहीच. स्वतःच्याच हत्याराबद्दल इतकं स्पष्ट लिहिणाऱ्यांना मी मानतो. शिवाय नकाशा हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा. मधला पडदा त्यात दिसत नाही आणि सीआरटीत निम्मं नाटक पडद्यावरच चालतं.

आपल्याकडे ही रोजची तपासणी नाही. तिकडेही बहुतेक ठिकाणी संशोधनापुरतीच.

लष्करकर

ग्वाल्हेरहून. माझ्या आईचं सांगतो, कामाला येईल. तिलाही हेच, डावी फांदी बंद, ईएफ ३०. सीआरटी करायला घेतलं तर तिसऱ्या वायरीला शीरच मिळेना. एक होती ती दोऱ्यासारखी. अडीच तास टेबलावर. मग डॉक्टर बाहेर आले, म्हणाले आपण दुसऱ्या वाटेनं जाऊ. त्यांनी वायर मधल्या पडद्यात आतपर्यंत फिरवत नेली आणि बंद पडलेल्या डाव्या फांदीलाच ब्लॉकच्या पुढे जाऊन गाठलं. लेफ्ट बंडल पेसिंग म्हणतात. क्यूआरएस १६८ चा १२२ झाला. साध्या पेसमेकरवर काम भागलं, पैसेही बरेच वाचले. दीड वर्षानं ईएफ ४५, आणि आई पुन्हा आमच्यावर खेकसायला लागली.

हृदयस्थ

हा आजच्या घडीचा सगळ्यात रंगलेला वाद. चीनमधल्या वेन्झोउच्या हुआंग यांनी २०१७ मध्ये डाव्या फांदीला गाठायची युक्ती दाखवली, आणि आपल्याकडे ती झपाट्यानं रुजली, कारण वायर कमी, खर्च कमी. त्याआधी हिस बंडलला, म्हणजे दोन्ही फांद्या जिथून फुटतात त्या खोडाला, गाठायचे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं २०१८ मध्ये एकाच रुग्णात आधी हिस पेसिंग आणि मग दोन्ही कप्प्यांचं पेसिंग करून जॅकेटनं मोजलं. हिसनं डावा कप्पा जास्त लवकर जागा केला. माझ्या मते जॅकेटचा खरा उपयोग असा, एकाच हृदयात दोन वाटांची तुलना. शीर शोधायला नकाशा घेऊन निघणं थोडं भाबडं आहे, कारण जिथे जांभळा डाग तिथे शीर असेलच असं नाही. शीर असेल आणि तिथला स्नायू जुन्या ॲटॅकनं मेलेला असेल, तर वायर टेकूनही ठोका पुढे जात नाही.

जुना_कॅथलॅबवाला

मंडळी, सगळं वाचलं. भारी चर्चा. पण ताईंना कुणी साधा प्रश्न विचारलाच नाही.

मी डॉक्टर नाही. २६ वर्षं कॅथलॅबमध्ये टेक्निशियन, आता निवृत्त. ताई, वायर हलवायचं नंतर. आत्ता ती वायर काम करतेय का?

मशीनची तपासणी शेवटची कधी झाली? छातीवर माऊससारखं एक यंत्र ठेवून शेजारच्या पडद्यावर बघतात, ती. त्याची छापील पट्टी घरी असेल तर त्यावर "बीव्ही पेसिंग" किंवा "व्हीपी" टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे शंभरातले किती ठोके मशीननं दिले. किती आहे? आणि मशीन बसवल्यानंतरचा बारा लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी हृदय बघणारा, पूर्ण ईसीजी आहे का? नुसती एका लीडची पट्टी नको.

रामबागवाली

दादा, नानांच्या वहीत चिकटवलेली पट्टी सापडली. तपासणी बसवल्यावर दोनदा झालीय, पहिल्याच महिन्यात. नंतर नाही. आम्हाला "बॅटरी उत्तम आहे" एवढंच सांगितलं. पट्टीवर ९८ टक्के लिहिलंय. म्हणजे चांगलं ना? बारा लीडचा ईसीजी नंतरचा नाही, आधीचा आहे.

जुना_कॅथलॅबवाला

९८ हा चांगलाच आकडा. छत्तीस हजारांवर रुग्णांची मशीनमधली माहिती तपासली गेली, २०११ मध्ये आलं होतं. ९८ च्या वर असलेले जास्त जगले. ठोके निसटत असतील, एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) किंवा जास्तीचे ठोके मधेमधे येत असतील, तर आकडा खाली येतो. ते इथे नाही.

पण एक मेख आहे. तो आकडा मशीननं किती ठोके पाठवले त्याचा. हृदयानं घेतले किती, ते त्यात नसतं.

पहिल्या महिन्यात दोनदा तपासणी का झाली? एकदा ठरलेली असते.

रामबागवाली

हो, ते राहिलंच सांगायचं. बसवल्यावर आठवड्यानं नानांना उचकी लागायला लागली. उचकी म्हणजे, डाव्या कुशीवर झोपले की पोट ठोक्यागणिक उडायचं. सदऱ्यावरून दिसायचं. नातू हात ठेवून मोजत बसायचा. मग घेऊन गेलो, त्यांनी मशीनमध्ये काहीतरी केलं, दहा मिनिटांत थांबलं. नाना खूश. वहीत लिहिलंय, "उचकी बंद, डॉ. ना धन्यवाद".

जुना_कॅथलॅबवाला

ताई, मला वाटलंच होतं.

तिसरी वायर ज्या शिरेत असते तिच्या जवळून फ्रेनिक नस जाते, पोटाच्या पडद्याची. वायरीचा झटका त्या नसेला लागला की पोट उडतं. उपाय दोन. एक, वायरीवरचं टोक बदलायचं. आताच्या वायरींवर चार टोकं असतात, कुठल्या दोहोंमधून झटका द्यायचा ते बाहेरून, न कापता बदलता येतं. दुसरा उपाय झटपट, झटक्याचे व्होल्ट कमी करायचे. उचकी बंद होते. पण व्होल्ट फार कमी केले तर हृदयाचा स्नायूही तो झटका घेत नाही. मशीन मात्र इमानदारीत मोजत राहतं, पाठवला, पाठवला, पाठवला. ९८ टक्के.

असं झालं असेल तर नानांचं फक्त उजवीकडून पेसिंग चालू आहे. म्हणजे मूळ रोगाचीच नक्कल, मशीननं केलेली.

उद्या कुठेही जवळच्या दवाखान्यात बारा लीडचा ईसीजी काढा. फोटो इथे नको, नानांचं नाव असतं त्यावर. फक्त दोन लीड बघून सांगा. लीड वन आणि व्ही वन. डावी वायर चालत असेल तर साधारणपणे लीड वनमध्ये पहिली रेघ खाली जाते आणि व्ही वनमध्ये वर.

हृदयस्थ

+१. आणि मला थोडी लाज वाटतेय. मी २०१३ आणि २०१९ सांगत बसलो.

एक पुस्ती. हा नियम ढोबळ आहे, वायर कुठे आहे त्यावर बदलतो. म्हणून ईसीजी मशीन तपासताना काढावा. डावी वायर एकटी चालवून एक, उजवी एकटी चालवून एक, दोन्ही मिळून एक. तीन चित्रं शेजारी ठेवली की वादच राहत नाही.

रामबागवाली

काढला. लीड वनमध्ये सरळ वर. व्ही वनमध्ये खोल खाली. मशीन बसवण्याआधीच्या ईसीजीशेजारी धरला तर मला फरकच कळेना, फक्त प्रत्येक ठोक्याआधी एक बारीक उभी रेघ जास्त. ह्यांना दाखवला, हे गप्प झाले.

त्याच रुग्णालयात जावं का? मन होत नाही.

विलायती_इंदुरी

ताई, कुठेही गेलात तरी मशीनच्या कंपनीचं कार्ड न्या, ते पाकिटाएवढं असतं ते. प्रत्येक कंपनीचं तपासायचं यंत्र वेगळं. दुसऱ्या कंपनीचं यंत्र समोर असेल तर काही वाचता येत नाही.

आणि हे जॅकेट घातलं असतं तर काय दिसलं असतं ते मी डोळ्यांसमोर आणतेय. उजवीकडे लाल, डावीकडे जांभळं. जसंच्या तसं. २५२ इलेक्ट्रोड लावून हेच कळलं असतं जे दहा इलेक्ट्रोडनं कळलं.

गणितमास्तर

बारा लीड आणि इलेक्ट्रोड दहाच, हे माझे विद्यार्थीही नेहमी चुकायचे.

पोहेवाला

मास्तर, इथे पण परीक्षा घेणार का.

रामबागवाली

मंडळी, अपडेट. दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथल्या मुलीनं, पंचविशीची असेल, पाऊण तास नानांजवळ स्टुलावर बसून मशीन तपासलं. डाव्या वायरीला ठोका घ्यायला ३.२५ व्होल्ट लागत होते आणि मशीन २.५ वर लावलेलं होतं. तेरा महिने. रात्री आपोआप तपासून व्होल्ट जुळवायची एक सोय त्या मशीनमध्ये आहे म्हणे, ती बंद होती.

मग तिनं टोकं बदलून बदलून बघितलं. पहिल्या जोडीत पुन्हा पोट उडालं. दुसऱ्या जोडीत काहीच होईना. तिसऱ्या जोडीत १.२५ व्होल्टला ठोका पकडला, आणि मुद्दाम ७ पर्यंत वाढवून, नानांना डाव्या कुशीवर वळवून, खोकायला लावून पाहिलं, पोट हललं नाही. ईसीजीवर व्ही वन वर गेला. क्यूआरएस १७२ चा १३६. तिनं कागद फाडून नानांच्या हातात दिला. नानांनी खिशातून पेन काढून तिथेच तारीख घातली.

डॉक्टर म्हणाले, लगेच उड्या मारू नका. फुगलेलं हृदय आकाराला यायला महिने लागतात, सहा महिन्यांनी इको. गोळ्या सगळ्या तशाच चालू, मीठ कमी.

खरंखोटं

आणि तेरा महिन्यांचं काय? कोण भरून देणार?

रामबागवाली

ते आमच्या घरातही चाललंय रोज. ह्यांना तक्रार करायचीय. नाना म्हणतात, वहीत नोंद आहे तेवढं पुरे. अजून ठरलं नाही.

भाच्याला कळवलं. तो जरा हिरमुसला.

हृदयस्थ

भाच्याला सांगा, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. सहा महिन्यांनी डावी वायर नीट चालत असूनही ईएफ जागचा हलला नाही, तर "वायर चुकीच्या जागी आहे का, की डाव्या फांदीलाच गाठावं" हा प्रश्न उभा राहील. तेव्हा आधी दोन बाजूंचा छातीचा एक्स-रे, जमलं तर स्नायूच्या डागांसाठी एमआरआय, मशीन एमआरआयला चालणारं आहे का ते कार्डावर बघून. आणि मग जॅकेटची गोष्ट निघाली तर तिला अर्थ असेल.

लष्करकर

नानांच्या जिन्याचं काय?

रामबागवाली

तीन आठवडे झालेत. काल अकराव्या पायरीवर थांबले. जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे.

जुना_कॅथलॅबवाला

छान. ताई, एक काम आजच करा. तो नवा ईसीजी थर्मल कागदावर असेल, वर्षभरात पांढरा पडतो. झेरॉक्स काढून वहीत चिकटवा. आणि चिकटवताना फेव्हिकॉल रेघांवर येऊ देऊ नका, त्यानंही उडतं.